बहिऱ्या सुया

परवान्यावर नवा शिक्का उमटून आज अकरा दिवस झाले.
आता ढगात शिरायची मला कायदेशीर मुभा आहे.
ढग काही शिक्का बघत नाही.

सोलापूर सोडलं तेव्हा खाली निदान तुरीचे चौकोन होते.
जतच्या पुढे एकेक चौकोन पुसत गेला,
मग पंखाचं टोक गेलं,
मग काचेबाहेर नुसता
भांडी विसळलेल्या पाण्याचा रंग.

घोरपडे मॅडम म्हणायच्या,
ढग तुझा वैरी नाही, कान आहे.
कानाच्या आत थेंबभर पाणी असतं, ते खोटं बोलतं.
समोर सहा घड्याळं आहेत, त्यांना विचार.
कानाला विचारशील
तर तो तुला गोल गोल फिरवत
कुणाच्या तरी उसात नेऊन ठेवेल.

वर्गात सगळ्यांनी लिहून घेतलं.
माझं पेन थांबलं.
मी सतारमेकरांची मुलगी.
आमच्या घरात कान हा सगळ्यात थोरला माणूस.

मंगळवेढ्याचा भोपळा यायचा,
अब्बा त्यावर टिचकी मारायचे
आणि सांगायचे, हा दहा वर्षांनी बोलेल, घाई करू नका.
जवारी काढताना डोळे मिटून
घोडीवरचा दोरा केसभर सरकवायचे,
परत केसभर मागे,
आणि जेवण निवत राहायचं.
पुण्याच्या एका गवयानं सूर दाखवणारं यंत्र दिलं होतं भेट.
ते वर्षभर खिळ्यांच्या डब्यात.
"सुईला काय कळतंय? बहिरी असते ती."

"मिरजेवर एक फेरा घ्या," रेडिओ म्हणाला,
"पुढे एक विमान उतरतंय."

मिरजेवर.
म्हणजे पायाखाली, साडेचार हजार फुटांवर नाही,
त्याच्याही खाली, जमिनीवर,
दर्ग्याची घुमटी, रेल्वेचे फाटे,
आमच्या दुकानाचा अर्धा उघडा दरवाजा.
मला यातलं काहीच दिसत नाही.
मी वेग उतरवला, उजवीकडे कलले,
दोन मिनिटांचं एक सावकाश वर्तुळ.

आणि सरळ झाले तशी
कानानं ओरडून सांगितलं: पडतेयस, डावीकडे पडतेयस!
मानेनं ऐकलं, खांद्यानं ऐकलं,
उजवा हात निघालाच होता दुरुस्तीला.
समोरच्या घड्याळात
इवलं विमान क्षितिजावर सपाट बसलेलं,
एखाद्या मांजरासारखं, निवांत.

कुणाचं खरं?

अब्बा, माफ करा.
मी बहिऱ्या सुयांचं ऐकलं.
कान ओरडत राहिला, मी हात हलवला नाही.
घामानं गॉगलची दांडी सरकली,
तीही सरळ केली नाही.
सुई, सुई, उंची, सुई, दिशा, सुई.
असं किती वेळ, विचारू नका,
घड्याळांत तेवढं एक घड्याळ मी पाहिलं नाही.

सहाशे फुटांवर ढगाचा तळ फाटला
आणि ओला डांबरी पट्टा
अगदी जिथं असायला हवा तिथं होता.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
इंधनवाला म्हणाला, चाकाला हवा कमी आहे, ताई.

संध्याकाळी फोन केला.
सांगणार होते सगळं: पाणी, खोटं, तो ओरडा.
अब्बांनी आधी मलाच विचारलं,
"साडेअकराला गावावरून गेलीस ती तूच ना?
पांढरी तीनमध्ये आलीस.
इथं डोक्यावर काळी एकवर उतरलीस.
म्हटलं, पोरीनं वेग कमी केला,
काहीतरी वाट बघतेय."

मी वहीतली नोंद काढली.
दोन हजार चारशे पन्नास फेऱ्यांवरून
दोन हजार शंभर.

"दिसत नव्हतीस," ते म्हणाले,
"पण सूर सरळ होता. मग मी जेवायला बसलो."