तोंडमिळवणी

नोंगखायच्या इमिग्रेशन कचेरीसमोर
माझं झेरॉक्सचं दुकान. एक प्रत दोन बाट.
म्हातारे गोरे सकाळी आठालाच येतात,
इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल,
भांग पाडलेला, असेल तेवढ्या केसांचा.
पासपोर्ट, पासबुक, घराचा हाताने काढलेला नकाशा.
प्रत्येक प्रतीवर सही, निळ्या शाईत.
काचेवर कुणाचं काय येतं ते मला दिसतं.
मी दिसलं नाही असं करते.

इथं म्हातारं व्हायचं तर
महिन्याला पासष्ट हजार दाखवायचे,
नाहीतर वर्षाची मिळकत आणि शिल्लक
मिळून आठ लाख.
माझ्या आईला कुणी काही दाखवायला सांगितलं नाही.
ती फुकटात म्हातारी झाली.
सरकार तिला महिन्याला सातशे देतं.

एम्रिस प्रोबर्ट, स्वान्सीचा.
चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या त्याने.
या व्हिसावर कामाला बंदी,
तरी आईची तडकलेली कवळी
एकदा रुमालात गुंडाळून घेऊन गेला.
तिसऱ्या दिवशी आणून दिली. नखं गुलाबी झालेली.
आईने तिथल्या तिथे कच्ची कैरी तोडली,
असा आवाज, की रस्त्यापलीकडच्या
गणवेशातल्या माणसाने मान वळवली.

या वर्षी पौंड घसरला.
वाया गेलेल्या प्रतीच्या पाठीवर मी मांडलं:
त्रेसष्ट हजार चारशे गुणिले बारा,
अधिक पासबुकातले एकवीस हजार.
अठरा हजार दोनशेंनी अडलं.
"बिअर बंद करतो," तो म्हणाला.
दात कोरून पोट भरत नाही,
हे कवळीवाल्याला मी काय सांगणार.

आई उठली. तांदळाच्या डब्यात
कोपरापर्यंत हात घातला.
सव्वीस महिन्यांचं सातशे-सातशे,
रबर लावलेलं, कोंड्याने पांढरं.
मी म्हटलं, अगं, त्याच्या एका महिन्यात
तुझी साडेसात वर्षं बसतात.
"पण कमी त्याला पडतंय ना," म्हणाली.

पैसे दोन महिने आधीपासून खात्यात पडून हवेत.
पडून राहिले.
रोज सकाळी आई विचारायची, आहेत का अजून,
जसं काही आजाऱ्याला बघून यायचंय.

आज त्याचं पासबुक काचेवर पालथं घातलं.
हिरवा उजेड इकडून तिकडे गेला.
शिल्लक एकोणचाळीस हजार दोनशे.
त्यातले आईचे कुठले
ते प्रतीत उमटत नाही.
चार बाट झाले. त्याने पाच ठेवले, मी एक परत दिला.

त्याचा नंबर एकतीस. आत अठरावा चालू आहे.
आई पायरीवर बसलीय.
बाकी काहीही खा, फक्त ऊस नको,
एवढं बजावलं होतं त्याने.
ती ऊस सोलतेय.