घट

दहा वाजता छावणीतल्या बंद पंपावर क्रेन आली.
त्याआधी नफीसा मन्सूरीनं, गाव बुरहानपूर,
पायात दोन नंबर मोठे गमबूट,
टाकीच्या तोंडातून सुका बर्फ सोडला, खडा खडा,
आणि म्हणाली, कोणी काडी ओढू नका,
भरल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट.
बाबा हसले. सदतीस वर्षं
नव्या पोऱ्यांना ते हेच सांगत आले.

सकाळी सहाला पितळी पट्टी आत सोडायचे,
वर काढून उजेडात तिरकी धरायची,
ओल कुठवर, ते डोळा बारीक करून वाचायचं,
मग वही. आवक, विक्री, शिल्लक.
चौथा रकाना घटीचा.
रोज पाच लिटर, कधी सात.
शेरा: उडाले.
इंदूरचा उन्हाळा. कोण विचारतंय.

उडालं नव्हतं.

माळव्याची काळी माती ही. पावसात फुगते,
वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते,
ओल धरते, सोडते, पुन्हा धरते,
लोखंडाला सावकाश चावत राहते.
आणि मुळातच काळी,
डाग पडला तरी कुणाला दिसणार?
नफीसा ढेकूळ फोडून पिशवीत घालते,
तोंड बांधते, दहा मिनिटं थांबते, मग नळी टोचते.
आकडा चढतो.
पोकलेनमधून गेंदालाल भिया विचारतो, अजून खाली?
अजून खाली.
तीन मीटर. साडेचार.
पिवळा मुरूम लागला, तरी वास.

टाकी वर आली तेव्हा लहानच वाटली.
पट्ट्यांत झुलणारी, डांबर सोललेलं,
पोटाला एक भोक, सदऱ्याच्या गुंडीएवढं.
घट या शब्दाचे दोन अर्थ शाळेत पाठ केले होते,
ते असे एकमेकांना भेटतील असं वाटलं नव्हतं.

माती सांवेर रस्त्याला जाईल.
प्लास्टिकवर पसरतील, शेणखत, भुसा, जंतू कालवतील,
वाळवणासारखी खालवर करत राहतील,
वर्ष, दीड वर्ष. मग बघू, म्हणते नफीसा.
आणि भिंतीपलीकडे बोट दाखवते:
ती विहीर कोणाची?

द्वारकाकाकू बोरगावकरांची.
वर फरशी, फरशीवर बंद पडलेली लूना.
काकू एकदा तांब्या घेऊन पंपावर आल्या होत्या,
मी गल्ल्यापाशी पाढे लिहीत होते.
बघा हो, पाण्याला वास येतोय.
बाबांनी हुंगलं. म्हणाले,
तांब्याला चिंच लावा, वहिनी.

आता बाबा खुर्चीतून उठले.
येतो वास त्या पाण्याला, म्हणाले,
नफीसाकडे न बघता, क्रेनकडे तोंड करून.
चौऱ्याण्णव सालापासून.
आणि लूना बाजूला करायला गेले.
स्टँड गंजून बसला होता,
एकट्याला हलेना.
मी लगेच गेले नाही.