भामेर, दुपारी

निजामपूरच्या गाडीतून दोघंच उतरलो,
मी आणि माझा गुडघा.
कंडक्टर म्हणाला, परतीची साडेचारला,
चुकली तर फाट्यापर्यंत पायी.

गावाआधी दरवाजा लागतो.
तटबंदी नाही, नुसता दरवाजा,
दोन कोरीव खांब
आणि मधून येणारी कांद्याची ट्रॉली.
ट्रॅक्टरवाल्याने मान आत घेतली,
दगडाला न घासता निघून गेला,
रोजचंच.

"काय देखाले उनात, बाई?"
सुपडू आबा विळ्याला धार लावत बसलेले.
म्हटलं, किल्ला.
त्यांनी डोंगराकडे पाहिलं,
अजून जागेवर आहे का, ते बघावं तसं,
आणि नातीला हाक मारली.

चेतना, सातवीतली.
चपला हातात घेऊन पुढे,
मी निवडुंगाचे काटे चुकवत मागे.
लेण्यांत शेळ्या बसलेल्या.
"ही आमची, ही सांडूकाकाची,
ह्या पलीकडच्यात वटवाघळं."
आत लेंड्यांचा उबट वास,
आणि एक पाट, इतकी थंड
की तिला टेकून रडावंसं वाटलं,
का ते कळलं नाही.

अर्ध्यावर गुडघा म्हणाला, बास.
बसले. खाली पत्रे, डिश, वाळत घातलेली गोधडी.
तुमचं घर कोणतं?
"मिरच्या दिसतात ना, लाल, ते."
आणि इथला राजा कोण होता गं?
ती जरा थांबली.
"ते पेपरला येत नाही."

उतरलो तेव्हा आबा तिथेच.
आता दिसलं, विळा घासत होते तो दगड
हत्ती आहे, आडवा पडलेला.
पाठीवर खोल, गुळगुळीत चीर.
"मन्हा बाप बी आठेच धार लाये,
तेन्हा बाप बी."
मी बोट घातलं.
पहिलं पेर बुडालं.

चहा आला. बशीत ओतून फुंकताना
त्यांनी विचारलं,
"धुळाले काय शे देखासारखं?"

खूप आठवलं.
म्हटलं, आमच्या गच्चीवरून
लळिंगचा किल्ला दिसतो.

"तठे गयात का कधी?"

बावीस वर्षं झाली त्या गच्चीला.
पापड, लोणची, पाहुणे, अँटेना.
नाही, म्हटलं.

आबा काही बोलले नाहीत.
हत्तीवर थोडं पाणी शिंपडलं,
विळा पुन्हा टेकवला.