इतो, वय चौदा

दहावीच्या पुस्तकात जपान दीड पानाचा:
रेल्वे, तारायंत्र, आरमार, नव्या शाळा,
आणि अर्ध्या ओळीत रेशमाच्या गिरण्या.
रात्रशाळेत ती अर्धी ओळ शिकवायची म्हणून
वाचनालयातून मी फोटोंचं जाड पुस्तक आणलं
आणि कोटीतीर्थाजवळच्या आमच्या खोलीत
चहाच्या कपाशेजारी उघडं ठेवलं.

बाळाक्का आत्तीनं चष्मा पुसला.
तिला अक्षरं येत नाहीत. बोटं येतात.

"ह्या पोरीनं हात पाण्यातनं आत्ताच भाईर काढलाय,
शेंड्याला पांढरा पडलाय बघ.
आणि ही कडंची, श्वास धरून बसलीया.
मुकादम मागं उभा असणार.
फोटूत न्हाई, पण हाय."

मी खालची नावं वाचली.
कियो. ताके. इतो, वय चौदा.
तळटीपेत होतं, इतो म्हणजे धागा.
आत्ती हसली. "नावच धागा? मग सुटका कुठली."

मी सांगत गेले:
बापानं आधीच उचल घेतलेली,
करारावर शिक्का बापाचा.
धागा जाडबारीक झाला की दंड.
कढत पाण्यात कोष, मेलेल्या किड्यांचा वास
केसांना, भाताला, अंथरुणाला.
आणि तिकडं राजधानीत मंत्र्यांच्या बायका
फुगीर झगे घालून नाच शिकत होत्या.

ती ऐकत नव्हती. मोजत होती.
"एका रांगंला बारा. आमच्यात सोळा हुत्या, वायंडिंगला.
भोंगा झाला की पदर खोचून पळायचं,
रातच्याला केसातनं कापूस येचायचा."

मग थोडा वेळ काहीच नाही.
"माझा पगार तुझा आजा घ्यायचा. परस्पर.
तुझ्या बापाची फी त्यातनं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
भिंतीवर बाबांचा पदवीचा फोटो,
काळा झगा, हातात गुंडाळी.
मी उठून जवळून पाहिला,
मागं कुणी उभं आहे का.

आत्तीनं बोट ओलं करून पान उलटलं.
पुढं सगळं पानभर युद्धनौका, तोफा, झेंडा.
"आणि हे?"
रेशीम विकून आलेल्या पैशातनं घेतली, मी म्हणाले,
निदान बरीचशी.

"म्हंजे ह्यो धाकटा भाऊ,"
आत्ती म्हणाली,
आणि पान पुन्हा मागं घेतलं.