लायसन्स नसलेले सहा महिने

आमच्या ॲक्रनमध्ये टायर बनायचे.
बापाच्या शर्टाला रविवारीसुद्धा रबराचा वास,
आणि मीही सहा वर्षं तेच केलं,
कारखान्याला कुलूप लागेपर्यंत.
पायी जाणारा माणूस म्हणजे
ज्याची गाडी बंद पडलीय असा माणूस,
एवढंच मला माहीत होतं.

मार्चमध्ये गॅरेजात फिट आली.
डॉक्टरीण पेनाचं टोपण लावत म्हणाली,
सहा महिने स्टिअरिंगला हात नाही.
मुलगी म्हणाली, मी आहे ना.
मुलगी आहे, पण अकरा मैलांवर,
आणि बस सातव्या मैलाला वळून परत येते,
पुढे कुणी राहतच नसल्यासारखी.

फोनवरून गाडी बोलावून पाहिली.
बावीस डॉलर जायचे, सव्वीस यायचे;
परतीचे चार जास्त का, ते विचारायचं कुणाला?
म्हाताऱ्यांसाठी एक व्हॅन आहे,
तिला दोन दिवस आधी सांगावं लागतं
की परवा दुपारी तुम्हाला कुठेतरी जावंसं वाटणार आहे.

राहिली चौदा नंबर. तासाला एक.
स्टॉप म्हणजे नुसता खांब,
आणि खांबाला साखळीकुलपानं बांधलेला
दुधाच्या बाटल्यांचा उपडा क्रेट.
कुणी बांधला ठाऊक नाही.
बसायला तेवढंच, म्हणून पाळीपाळीनं बसायचं.

व्हर्लीन यायची, वृद्धाश्रमाच्या धोबीघरात कामाला,
हातांना ब्लीचचा वास.
दिलमाया राई यायची, भूतानकडची,
मोहरीच्या पाल्याची पिशवी मांडीवर घेऊन.
तिला इंग्रजी येत नव्हतं, मला तिची भाषा,
पण बस किती लांब आहे ते ती बोटांवर दाखवायची
आणि सहसा चुकायची नाही.
एकदा तिनं मला पाल्याची जुडी दिली.
घरी येऊन कशी शिजवायची ते कळेना,
अंड्यात टाकली. कडू लागली. संपवली.

ड्रायव्हर लमाँट. सकाळी कुणी दिसलं नाही
तर दार उघडं ठेवून अर्धं मिनिट थांबायचा,
आरशात मागे बघत,
आणि ते अर्धं मिनिट पुढच्या चार सिग्नलांवर
थोडं थोडं करून वसूल करायचा.

हायवेच्या कडेला फूटपाथ नाही.
पण गवतात एक वाट आहे,
एका पावलाच्या रुंदीची, दगडासारखी घट्ट,
गोदामांच्या फाटकापर्यंत गेलेली.
चाळीस वर्षं मी तिथून गेलो, ताशी पंचावन्न मैलांनी,
ती मला दिसली नव्हती.
एवढं दाबायला किती पाय लागले असतील,
किती हिवाळे.

सप्टेंबरात कागद परत मिळाला.
गाडीनं पहिल्याच झटक्यात आवाज दिला,
खरं सांगतो, डोळे भरून आले.
रेडिओ. खिडकी खाली. डावं कोपर बाहेर.
शहर पुन्हा लहान झालं,
मुलगी पुन्हा अठरा मिनिटांवर.

परवा पाऊस होता. चौदा नंबरच्या खांबापाशी
व्हर्लीन उभी, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी.
क्रेट रिकामा, ओला.
मी गाडी कडेला घेतली, काच खाली केली,
म्हटलं, ये, बस, सोडतो.

ती एक पाऊल मागे सरली.
नाही, थँक यू, म्हणाली,
अनोळखी गाडीला बायका म्हणतात त्या आवाजात,
आणि बस येते त्या दिशेला बघत राहिली.

नाव सांगायला मी तोंड उघडलं.
मग लक्षात आलं,
सहा महिन्यांत ते आम्ही सांगितलंच नव्हतं.
तिचं मला कळलं होतं तिच्या बिल्ल्यावरून.
मागून कुणीतरी हॉर्न दिला.
आरशात ती बराच वेळ दिसत होती.
चौदा नंबर अजून कुठेच नव्हती.