शहाण्णव

प्रयोगशाळेच्या कपाटात, खालच्या फळीवर,
कापसात गुंडाळलेले तीन थर्मामीटर.
तिघांच्या गळ्यात चिठ्ठी: बिघडलेला.
अक्षर जुन्या सरांचं. डिंक माझा.

मी इथला परिचर. सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धुतो,
धुक्यात सादळलेल्या काड्या खिशात धरून सुकवतो,
स्ट्रॉबेरीच्या खोक्यांवर स्टँड उभे करतो,
दौतीचे दिवे, धोतराच्या चिंधीची वात.
तास संपला की काचसामान मोजून घेतो.
निरीक्षण हे माझं काम नाही.

तरी दर वर्षी, दिवाळीच्या जरा आधी, तो प्रयोग यायचाच,
पाण्याचा उत्कलनांक.
बुडबुडे सुटायचे, पारा चढायचा, चढायचा
आणि शहाण्णववर बसायचा,
घाटात बंद पडलेल्या ट्रकसारखा.
मुलं वाट बघायची. मग एकमेकांकडे.
मग पुस्तकाकडे.
चाळीसच्या चाळीस वह्यांत शंभर.
सर म्हणायचे, हा गंडलाय, दुसरा काढ.
दुसराही शहाण्णव.
तिसराही.
मी चिठ्ठ्या चिकटवत गेलो.

घरी बायको, ती वाईची, म्हणायची,
तुमच्या पाचगणीचं पाणी नुसतं उड्या मारतं,
डाळ काही शिजवत नाही.
मी म्हणायचो, माहेरचं सगळंच भारी.
ही दोन्ही एकच गोष्ट आहे
हे डोक्यात आलं नाही कधी. खरंच नाही आलं.

यंदा मिरजेहून मगदूम बाई आल्या.
कासुर्डेच्या मयूरीने वहीत शंभर लिहिलं, खोडलं,
शहाण्णव लिहिलं, तेही खोडायला निघाली.
बाई म्हणाल्या, थांब. तुला दिसलं काय?
पोरगी खाली बघून म्हणाली, दिसलं शहाण्णव.
पण बरोबर शंभर.
बाई हसल्या नाहीत. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले,
मधे हातभर जागा सोडली
आणि माझ्याकडे वळल्या: बेलोशे, तुम्हांला काय वाटतं?

सव्वीस वर्षांत त्या खोलीत
मला एवढंच विचारलं होतं कुणी, की किल्ली कुठंय.
माझ्या तोंडून डाळ निघाली.
वर्ग फुटला हसून.
बाई म्हणाल्या, मयूरी, मधल्या जागेत लिही: डाळ.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर
बिघडलेला नंबर दोन रुमालात, रुमाल डब्यात, डबा मांडीवर,
पसरणी घाटातून एसटीने खाली नेला.
वळणावळणाला डब्यावर हात.
वाईच्या स्टँडबाहेर मेव्हण्याचा चहाचा गाडा.
म्हटलं, दूध नको, साखर नको, नुसतं पाणी उकळ.
गिऱ्हाइकं कप धरून बघत राहिली.
बुडाला टेकू न देता धरला, मुलांना सांगतात तसा.
बाकावरची म्हातारी म्हणाली, पाण्याला ताप आलाय काय रं?
पारा शहाण्णव ओलांडून पुढे गेला.
साडेसत्त्याण्णव, मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.
मेव्हण्याला वाटलं मी बिल सांगतोय.

मयूरीच्या वहीत आता दोन ओळी आहेत.
दुसरी माझ्या अक्षरात. ठिकाण: वाई.
खाली तिने लिहिलंय,
आपल्या डोक्यावर हवेचं ओझं कमी,
म्हणून पाणी लवकर सुटतं.
बाईंनी ‘सुटतं’ला लाल खूण केली, मग खूण खोडली.

चिठ्ठ्या कोमट पाण्यात निघाल्या.
डिंकाचा डाग राहिलाय, नखाने जात नाही.
जडसंग्रह वहीत तिघांपुढे ‘बाद’, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी.
सगळे रकाने वाचले: आले, फुटले, हरवले, बाद.
बाद झालेलं परत घ्यायला रकाना नाही.
समासात पेन्सिलने लिहिलं: चालू आहेत.

जुने सर आता साताऱ्यात, मुलाकडे असतात.
फोन करावा की नको, ठरत नाही.
रात्री कुकरची शिट्टी मोजताना
मधेच वाटतं,
साताऱ्यात किती भरत असेल.