सावलीचा पंचनामा

पौषात मी सावली मोजली.
पंचफुलाबाईच्या धुऱ्यावरच्या करंजांची,
माझ्या हरभऱ्यावर पडलेली: एकोणीस हात.
चुन्याची रेघ मारली
आणि कळमेश्वरच्या तहसिलीत अर्ज दिला.
तीन तासं पीक खुजं राहते, साहेब.
झाडं तिची, नुकसान माझं.

तिला आधी म्हटलं होतं.
म्हणाली, "भाऊ, शिवण लावली नातीच्या पाळण्यापायी,
बांबू मांडवापायी,
करंज तुमच्या-माझ्या ढेकळांपायी.
त्याईले उन्हाकडं तोंड करून उभं राहा लागते,
पाठ कोणाकडं होईल, हे का झाड पाहते?"

अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला.
फाल्गुनात शिवणीनं पानं टाकली,
चैत्रात करंज नवी पालवी नेसला,
अर्ज कपाटातच.

तलाठी आला तेव्हा मे सरत होता.
सत्तेचाळीसचं ऊन,
नागपूरकडून येणाऱ्या रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं.
बाराच्या पुढं धुऱ्यावर टेप उलगडली:
तलाठी, कोतवाल झिंगरूजी, पंचफुलाबाई, मी.

सावली नव्हती.
म्हणजे होती, पण बुंध्याशी मुटकुळं करून,
ऐन वेळी साक्षीदार पलटावा तशी.
दोन पावलं तिच्याकडं, दोन माझ्याकडं.
आणि आम्ही चौघं तेवढ्यातच, खांद्याला खांदा.
टेपचं दुसरं टोक धरायला
उन्हात कोण जाईल?

पंचनाम्यात आलं:
"अर्जदाराच्या हद्दीत दोन पावलांपलीकडे
सावली आढळून आली नाही."
मी सही केली,
करंजाच्याच बुंध्यावर कागद टेकवून.
पंचफुलाबाईनं मडक्यातलं पाणी दिलं.
काही बोलली नाही. तेच लागलं.

मृगात त्या तीन तासांत हळद लावली.
हळदीला सावली चालते
हे मला माहीत नव्हतं असं नाही.
अर्ज लिहिताना आठवलं नाही, एवढंच.

त्या पावसाळ्यात गढूळ पाणी धुऱ्याशी थबकलं,
माती खाली ठेवून पुढं गेलं.
करंजाचा पाला तिच्या हद्दीतून माझ्या हद्दीत आला
आणि कुजला.
त्याचा अर्ज कुठं करतात?

पुन्हा पौष.
पुन्हा मोजली, सवयीनं.
एकोणीस हात, वर एक वीत.
आत हळदीची पानं पिवळी पडत होती,
सावलीनं नाही,
वेळ झाली म्हणून.